‘बर्डी नम नम’बद्दल

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, की फ्लॅटवरच्या मुलांनी ‘द पार्टी’ हा जुना इंग्रजी सिनेमा लावला, सगळे खूप हसले, तूही हसलास, आणि तेव्हापासून एक जण तुला त्यातल्या भारतीय पाहुण्याच्या तोंडच्या ‘बर्डी नम नम’ या शब्दांनीच हाक मारतो. “आई, मला उगाचच लागतंय का गं?” असं विचारलंस. मला तेव्हा धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

काल रात्री मी तो सिनेमा पाहिला. हसू मलाही आलं. तो पाहुणा, बक्षी, चिखलाचा बूट धुवायला जातो आणि बूट घरातल्याच पाण्यातून वाहत निघतो, हा आपला त्याच्या मागे मागे. परक्या श्रीमंताच्या घरी बुजलेल्या कुणाचीही अशी फजिती होईल, त्याला भारतीय असावं लागत नाही. पुढे पोरं रंगवलेला हत्ती घेऊन येतात, तेव्हा हा त्या मुक्या जनावराचा अपमान आहे, त्याला धुवा, असं तोच सांगतो. तिथे तर मला तो आपला वाटला.

पण तो बक्षी म्हणजे तोंडाला तपकिरी रंग फासलेला इंग्रज नट, पीटर सेलर्स. नाव काय, तर हृंडी! असं नाव आपल्याकडे कुणी ठेवतं का? १९६०मध्ये ‘द मिलियनेअरेस’ या सिनेमातही सेलर्सने भारतीय डॉक्टर केला होता, तोच हेलकावे खाणारा उच्चार काढून. बूट कुणाचाही वाहून जातो रे. तो उच्चार मात्र तुझ्या गळ्यात येऊन पडला, जो तुझा नाहीच. तुला लागलं ते उगाच नाही.

आता जे सांगायचं आहे ते मला जड जातंय. ‘द पार्टी’ आला १९६८मध्ये. त्याच वर्षी आपल्याकडे ‘पडोसन’ आला. त्यातले मेहमूदने रंगवलेले दाक्षिणात्य गायनमास्तर पिल्लै आठव: शेंडी, कपाळावर गंध आणि ती ‘अय्यो’ची भाषा. ज्या मुंबईत हा सिनेमा चालला, तिथे त्याच सुमारास दाक्षिणात्यांविरुद्ध ‘बजाव पुंगी, हटाव लुंगी’ची घोषणा घुमत होती. गाण्याच्या जुगलबंदीत तर बघ, खरं गाणं येतं ते मास्तरांना. नायक भोलाला सूरसुद्धा लागत नाही, मागे लपून किशोरकुमार गातो. तरी हरतात मास्तरच, आणि आपण टाळ्या पिटतो. मन्ना डे मास्तरांसाठी किती जीव ओतून गायलेत! इतकी वर्षं ते गाणं ऐकतेय, पण हे मला कालच उमगलं.

माटुंग्याच्या आमच्या चाळीत टीव्ही एकाच घरात होता. तिथे आम्ही दाटीवाटीने बसून ‘पडोसन’ पाहिला. शेजारच्या तमिळ मामीही होत्या, त्याही हसल्या. मी दहा वर्षांची असेन. दुसऱ्या दिवशी जिन्यात मामींच्या मुलाला गाठून आम्ही पोरं ‘यंडुगुंडू, यंडुगुंडू’ करत नाचलो. तो आमच्याच शाळेत, आमच्याइतकंच चांगलं मराठी बोलणारा. तो रडला नाही. गप्प वर गेला. मामींनी दार लावून घेतलं, आणि ज्या घरातून आम्हाला गोकुळाष्टमीला मुरुक्कू मिळायचे, ते दार पुढे कितीतरी दिवस अर्धंच उघडायचं. माझ्या आईने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, गंमत केली.

तुझा तो मित्रही हेच म्हणेल. तो दुष्ट असेल असं मला वाटत नाही, मी तरी कुठे होते? पण मला त्या वेळी कुणी बाजूला घेऊन सांगितलं असतं, तर मी थांबले असते. म्हणून तू त्याच्याशी चारचौघांत भांडू नकोस, एकट्याला गाठ. नाव ओंकार आहे, तेच घे, एवढं सांग. आणि तोवर हसून वेळ मारून नेऊ नकोस, बाळा. मामींचं ते हसणं मी काल रात्रभर आठवत होते.

त्यांचा मुलगा आता चेन्नईत असतो. जुन्या शेजाऱ्यांकडून नंबर मिळवला आहे. रविवारी फोन करणार आहे. काय बोलायचं ते अजून ठरत नाहीये.

जेवण वेळेवर घे.

तुझी,
आई