सहा महिन्यांचा हिशेब

चि. छकुली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, केस जिंकले, पण रात्री जेवण गेलं नाही." समोरच्या म्हातारीचा दावा तू मुदतीच्या मुद्द्यावर उडवलास. तेव्हा मला काही बोलायला सुचलं नाही. फोन ठेवल्यावर अमेरिकेतला एक जुना वकील आठवला, थॅडियस स्टीव्हन्स.

व्हरमाँटमधल्या मोच्याचं पोर, जन्म १७९२, पायाने अधू. बाप परागंदा झाला, आईने राबून शिकवलं. पुढे पेनसिल्व्हेनियात, गेटिसबर्गला वकिली थाटली. १८२१ साली त्याच्याकडे एका गुलाममालकाचं वकीलपत्र होतं. समोर चॅरिटी बटलर नावाची बाई, मूळची मेरीलँडची. पेनसिल्व्हेनियाचा कायदा असा, की बाहेरच्या मालकाने गुलामाला तिथे सहा महिने ठेवलं तर तो मोकळा. चॅरिटीला तिथे अनेकदा नेलेलं होतं; सगळ्या मुक्कामांची बेरीज धरा, असं तिच्या बाजूचं म्हणणं. स्टीव्हन्स म्हणाला, बेरीज नाही, सहा महिने सलग हवेत. कोर्टाने मानलं. बाई मुलांसकट गुलामीत परत! कायद्याच्या भाषेत बिनचूक काम. तुझ्यासारखंच.

हाच माणूस पुढे पळून आलेल्या गुलामांची वकीलपत्रं घेऊ लागला. १८३८ साली राज्याच्या नव्या घटनेने काळ्यांचा मताधिकार काढला, तर याने सही करायला नकार दिला. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गेल्यावर गुलामी संपवायला आणि तिथल्या राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीसाठी तो झटला. आपल्या राज्यघटनेच्या कलम १४ मधलं 'कायद्याचे समान संरक्षण' त्याच दुरुस्तीतून आलंय. (शब्द त्याचे नव्हेत, संसदेतल्याच जॉन बिंगहॅमचे.) दुरुस्ती त्याला अपुरी वाटत होती, तरी मत दिलं. म्हणाला, मी देवदूतांत नाही, माणसांत राहतो.

शेवटी इतका थकला की त्याला खुर्चीत बसवून सभागृहात न्यायचे. उचलणाऱ्या पोरांना म्हणे, "तुम्ही मेल्यावर मला कोण उचलणार?" १८६८ मध्ये गेला. पेनसिल्व्हेनियातल्याच लँकेस्टर गावातल्या इतर दफनभूमींत वर्णावरून मज्जाव होता, म्हणून त्याने सर्वांना खुली असलेली एक छोटी जागा निवडली, आणि कारणही थडग्यावर कोरून घेतलं.

त्या दगडावर चॅरिटीचं नाव मात्र नाही. मला ते खटकतं.

रविवारी ये. आई वरणफळं करणार आहे.

तुझा,
बाबा