मनिकाचे रबर मुलांना कशाला?

महोदय,

टेबल टेनिसपटू मनिका बात्राने २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचे सुवर्ण जिंकले, २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम सोळांत मजल मारली. तिचे पाहून सोलापुरातही पालक नवशिक्या मुलांच्या बॅटला बॅकहँडच्या बाजूने लांब पिंपल्सचे (बाहेरच्या बाजूला लांब, मऊ दाणे असलेले) रबर मागतात. हा घाईचा कारभार आहे. हे रबर समोरच्याचा टॉपस्पिन (पुढे फिरणारी फिरकी) उलटवून बॅकस्पिन (मागे फिरणारी फिरकी) म्हणून परत धाडते. पण चेंडू फिरकीविना आला, तर स्वतःहून फारशी फिरकी देत नाही. मनिका रॅली चालू असतानाच बॅट हातात फिरवून बाजू बदलते, म्हणून तिला ते पेलते. दहा वर्षांच्या पोराला सुरुवातीला फुकटचे गुण मिळतात खरे, पण मनगट वापरायची सवयच लागत नाही. आधी दोन्हीकडे साधे, पकड असलेले रबर द्या; रबराखालचा स्पंज १.८ मिलिमीटरचा पुरे.

आणि आपल्या उन्हाळ्यात बॅट गाडीच्या डिकीत विसरू नका. डिंक सुटतो, रबराच्या कडा उचलतात. धूळ बसली की पकड गेलीच. खेळ संपताच ओल्या स्पंजने पुसा, वाळू द्या, मग वर प्लास्टिकची फिल्म लावा.

– एक टेबल टेनिसप्रेमी, सोलापूर