बंद शेडला भाडेकरू हवा, पण हा नको

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या बंद पडलेल्या काजू कारखान्याची शेड बघायला गेल्या महिन्यात एक दलाल आला होता. छप्पर गळतं का, गाडी आत येते का, काही विचारलं नाही. उच्चदाब वीजजोडणी अजून चालू आहे का, एवढाच त्याचा प्रश्न. 'कॉम्प्युटर ठेवायचेत, माणसं दोनच लागतील,' म्हणाला. खोदून विचारल्यावर कळलं की बिटकॉइन या डिजिटल चलनाचं मायनिंग करायचंय. याच शेडमध्ये चाळीस बायका काजू फोडायच्या.

मायनिंग म्हटलं की आपल्याला चिऱ्याची खाण आठवते. इथे खणायचं काही नसतं. एक आकडा जुळेपर्यंत यंत्रं सेकंदाला लाखो कोटी अंदाज करत बसतात. जगात सरासरी दर १० मिनिटांनी कुणा एकाचा आकडा लागतो आणि एप्रिल २०२४ पासून त्याला ३.१२५ बिटकॉइन मिळतात. बाकीच्यांनी तेवढ्या वेळात जाळलेली वीज फुकट जाते. यंत्रं वाढली की गणित आपोआप अवघड होतं, त्यामुळे नाणी तेवढीच आणि वीज मात्र जास्त.

दलालाने मोबाइलवर यंत्राचा फोटो दाखवला. चपलांच्या खोक्याहून थोडं मोठं, दोन्ही बाजूंना पंखे. असं एक यंत्र साधारण ३,२५० वॅट घेतं आणि रात्रंदिवस चालतं. महिन्याचे झाले २,३४० युनिट. आमच्या घराला फ्रिज-पंपासकट शंभर-सव्वाशे लागतात. म्हणजे एका खोक्यात वीस घरं! त्याला अशी चारशे ठेवायची होती.

कोयनेची १,९६० मेगावॅट वीज शेजारी आहे, दाभोळ-जयगडला प्रकल्प आहेत, मग विजेला काय तोटा, असं गावातलेच काहीजण म्हणतात. पण वीज तयार होणं वेगळं आणि वाडीपर्यंत पोचणं वेगळं. मे महिन्यात संध्याकाळी आमचा पंप नुसता गुणगुणतो, पाणी चढत नाही. फ्रीझरमधला आमरस मऊ पडला की काय, हे रात्री दोन दोनदा उठून बघावं लागतं. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर आमच्या वाडीत चोवीस दिवस अंधार होता. खांब शेतातून वर आणायला वाडीतल्या पोरांनी खांदे दिले. त्याच लाइनवर आता ही खोकी बसवायची?

बाहेर काय झालं तेही बघावं. चीनने २०२१मध्ये मायनिंग बंद केल्यावर बरीच यंत्रं कझाकस्तानात गेली. तिथे विजेचा तुटवडा झाला आणि जानेवारी २०२२मध्ये मायनिंगवाल्यांची वीज तोडावी लागली. इराणनेही मे २०२१मध्ये वीज पुरेना म्हणून चार महिने बंदी घातली होती. टेक्सासमधल्या ग्रॅनबरीचे रहिवासी अशा केंद्राच्या पंख्यांच्या आवाजाने हैराण झाले. आणि हे सगळं अटळ आहे असंही नाही. इथेरियम या दुसऱ्या डिजिटल चलनाने सप्टेंबर २०२२मध्ये ही अंदाजांची पद्धतच बदलली, तेव्हा त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त उतरला.

गावात उद्योग यावा असं मलाही मनापासून वाटतं. शेड मोकळी पडली आहे, भाड्याची गरज आहे. पण जादा विजेचा भार मंजूर करायचाच असेल तर तो आधी बर्फाच्या कारखान्याला, शीतगृहाला द्या. हर्णैच्या होड्यांना बर्फ लागतो.

मी दलालाला नाही सांगितलं. तो आता पुढच्या गावात फिरतोय, असं ऐकलं. तिथल्या सरपंचांनी ना-हरकत दाखला देण्याआधी यंत्रं किती, किती किलोवॅटची आणि नेमकी कशासाठी, हे लेखी मागून ग्रामसभेत वाचून दाखवावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक बागायतदार,
ता. दापोली, जि. रत्नागिरी