काकू, विरजण मागायला आलात त्याबद्दल

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे. तुमचं नाव मात्र घालत नाही, ते तुम्हाला आवडायचं नाही.

आमच्या घरातला एक पगार थांबला तेव्हा सल्ल्यांना तोटा नव्हता. "बाहेरचं बंद करा, सगळं घरी करा," असं जो तो सांगून गेला. कसं करायचं, ते एकानेही सांगितलं नाही. काटकसर शिकवणाऱ्या एका वर्गाला फी भरून गेले, तर तिथे पहिल्याच दिवशी हातात यंत्रांची आणि साच्यांची यादी ठेवली. आणि जवळच्याच एका माणसाने विचारलं, "मुलांना बिस्किटं हवीतच कशाला?" तो प्रश्न अजून सलतो. पैसा आटला म्हणून पोरांच्या तोंडचा गोड घास काढून घेणं, याला मी काटकसर म्हणत नाही. तेव्हाही म्हटलं नव्हतं.

तुम्ही आलात त्या तुमची हिशोबाची वही घेऊन. आणि आधी सांगितलंत ते काय करू नये हे. विकतचं क्रीम आणून घुसळलं तर लोणी बहुतेक वेळा विकतच्यापेक्षा महागच पडतं. मूठभर बिस्किटांसाठी ओव्हन तापवला तर वाचलेलं बिलात जातं. तापवलाच तर पाव आणि बिस्किटं पाठोपाठ भाजून घ्यायची. घरात जे कोणी खात नाही, ते स्वस्तात करूनही नुकसानच. भाव पुड्याचा न बघता शंभर ग्रॅमचा बघायचा, हे तुम्ही दाखवलंत आणि पैसे नेमके कुठून गळतात ते मला दिसायला लागलं. विकतची पिठीसाखर म्हणजे दळलेली साखरच, गुठळ्या धरू नयेत म्हणून बऱ्याचदा थोडं कॉर्नफ्लॉवर घातलेली. शिळ्या पावाचा चुरा तर आम्ही टाकून द्यायचो आणि तसलाच पुड्यातून विकत आणायचो!

पीनट बटरचा दिवस मला फार आवडला. भाजलेल्या दाण्यांचं आधी कूट झालं, मग भांड्याच्या कडेला चिकटणारा गोळा झाला. मी तेलाची बाटली उचलली तर तुम्ही माझा हात धरलात. "थांब जरा. दाण्यालाच सुटू दे तेल." मिक्सरला मधूनमधून विसावा देत, कडा खरवडत राहिलो आणि तो गोळा सैल, चकचकीत होऊन वाहायला लागला. मुलं बोटं बुडवायला उभीच होती. लाड बंद न करताही खर्च कमी होतो, हे मला त्या संध्याकाळी खरं वाटलं.

जिथे कडक व्हायला हवं तिथे तुम्ही कडकही झालात. जॅममधली साखर नुसती गोडीसाठी नसते, तो टिकतोही तिच्यामुळे. कमी घातली तर तो फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवायचा. लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवायचा नाही, कारण हवा न लागणाऱ्या जागी बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचे, जंतू वाढतात आणि वासावरून काही कळत नाही. बचतीपायी जिवाशी खेळ नको, हे तुम्ही दोनदा बजावलंत.

पण हे पत्र खरं तर विरजणाबद्दल आहे. दही घरी लावायचं ठरलं तेव्हा पहिलं विरजण तुमच्याकडचंच. चमचाभर. दूध करंगळीला सोसेल इतकं कोमट झालं की घाल, एवढंच म्हणालात. पुढे काही दिवसांनी एका सकाळी तुम्ही दारात उभ्या, हातात रिकामी वाटी. "माझं विरजण संपलं गं. तुझ्याकडचं देतेस चमचाभर?"

काकू, तुमच्याकडे रोज दही लागतं. तुमचं विरजण संपलं असेल यावर माझा तेव्हाही विश्वास बसला नाही, आज तर मुळीच नाही. त्या दिवसांत मी सगळीकडून नुसती घेत होते, कुणाकडून उसने पैसे, कुणाकडून जुनी पुस्तकं, आणि सगळ्यांकडून सल्ले. माझ्याकडेही देण्याजोगं काही आहे, असं माझ्या दारात येऊन मला म्हणणारं माणूस तुमच्याशिवाय कोणी नव्हतं. वाटी भरून दिली तेव्हा हात थरथरत होता, तो तुम्ही पाहिलात आणि न पाहिल्यासारखं केलंत. मदत करणारे पुष्कळ असतात. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये याची काळजी घेणारी माणसं मात्र मला फार थोडी भेटली आहेत. माझ्या लेखी खरा चांगुलपणा तो.

आता एक विचारायचं आहे. वरच्या मजल्यावर एक मुलगी नव्याने राहायला आली आहे. तिचीही ओढाताण चालली आहे, बोलत नाही, पण कळतं. तुमच्या वहीतले हिशोब मी तिला उतरवून दिले तर चालेल ना? आणि पहिलं विरजण माझ्याकडचं देते.

तुमची,
खालच्या मजल्यावरची