वनमंत्री साहेब, त्या वाटेवर एक दांडी लावा

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

उजव्या हाताला प्लास्टर आहे, म्हणून हे पत्र मी सांगतो आणि मुलगी लिहिते. मागच्या रविवारी अंधार पडताना शेतावरून परतत होतो. नवेगावबांध तलावाच्या कडेच्या कच्च्या वाटेवर मोटारसायकलचं चाक चाकोरीत गेलं, मी आडवा पडलो आणि मनगट मोडलं.

ही वाट मुळात अवघड नाही. एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला पाणी. पावसाळा सोडला तर साधी कारही सावकाश जाते. काच खाली करून पहिल्या गिअरात चाललं की बदकं आधी ऐकू येतात, मग दिसतात. वीस वर्षं मी पाहुण्यांना माझ्या जुन्या जीपमधून इथूनच नेतो. त्यामुळे गाड्या बंद करा, असं मी म्हणत नाही. पण सोपी वाट काहींना पुरत नाही. मोठ्या चाकांच्या गाड्या घेऊन ते थेट गाळात उतरतात, चिखल उडवतात, व्हिडिओ काढतात. एका रविवारी मी 23 गाड्या मोजल्या. ज्या कडेला देवधान, म्हणजे आपोआप येणारं रानटी भात, उगवतं, पाखरं चरतात, तोच गाळ चाकांखाली दगडासारखा दबतो. वर चढताना ओली वाटही फोडून जातात. त्या चाकोऱ्या आता विटेसारख्या वाळल्या आहेत. माझा हात त्यातच गेला.

गेल्या वर्षी गावच्या बैठकीत एका अधिकाऱ्यानं सर्वांसमोर शब्द दिला होता: दिवाळीआधी वाटेच्या तोंडाशी आडवी दांडी बसेल, रविवारी माणूस उभा राहील. ती दिवाळी गेली, यंदाचीही गेली. मी सात अर्ज दिले, पोच चारांचीच मिळाली.

इकडे धान कापणीला आलंय. बायको एकटी विळा घेऊन बांधीत उतरते आणि मी धुऱ्यावर बसून बघतो. साहेब, ते बघवत नाही. हातावर 14 हजार गेले. जीप दारात उभी आहे, आलेली गिऱ्हाइकं परत गेली. रात्री ठणका लागला की झोप नाही.

आणि राग येतो तो यासाठी: 1975 साली इथं राष्ट्रीय उद्यान झालं, 2013 साली व्याघ्र प्रकल्प. दर वेळी आम्हाला सांगितलं, गुरं आवरा, सरपण सोडा. आम्ही आवरलं. माझ्या शेजाऱ्याची बैलगाडी काटक्यांसाठी रात्रभर अडवून ठेवली होती. मग या गाड्या कोणाला दिसत नाहीत? 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सी गाड्यांनी वाघीण आणि तिचे पाच बछडे अडवून धरले, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. आता प्रत्येक तलावाच्या काठीही न्यायाधीशांनीच यायचं का? कायदा बैलगाडीला लागतो आणि लाखोंच्या गाडीला लागत नाही, हे आम्ही किती वर्षं बघायचं?

कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला असं आमच्याकडे सांगतात. फावडं-टोपलीच्या त्या काळात अख्खा तलाव उभा राहिला. इथं दोन वर्षांत एक दांडी उभी राहत नाही.

निधी नाही असं उत्तर येणार असेल तर ऐका. माझ्या पडक्या गोठ्याचे दोन लोखंडी खांब घरी पडून आहेत. ते मी देतो, खड्डे गावातली पोरं खणतील. रोवायच्या परवानगीचा कागद तेवढा तुमच्या सहीनं पाठवा.

आपला,
अर्जुनी-मोरगाव तालुक्यातला एक धान उत्पादक