'सगळे पोर्ट ओपन करून दिले न काका'

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या घराला चार कॅमेरे आहेत. फाटक, मागची बोळ, गच्ची आणि बैठक. मुलगा हैदराबादला असतो, त्यानेच आग्रहाने लावून घेतले. यंदा मार्चमध्ये आम्ही इंटरनेटचे कनेक्शन बदलले, नवा राउटर आला आणि त्या दिवसापासून मोबाइलवर कॅमेरे दिसेनात. 'डिव्हाइस ऑफलाइन' एवढेच यायचे. घरातल्या टीव्हीवर मात्र चारही चित्रे स्वच्छ.

कॅमेरे लावून देणाऱ्या मुलाला बोलावले. पोरगा कष्टाळू आहे, नागपूरच्या उन्हात भरदुपारी शिडीवर चढतो, त्याच्यावर माझा राग नाही. त्याने डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या डब्यात) काहीतरी केले, राउटरमध्ये काहीतरी केले, इंटरनेटवाल्यांकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा स्वतंत्र पत्ता, घ्यायला लावला (महिन्याला दोनशे रुपये वाढले ते वेगळेच) आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "झालं. सगळे पोर्ट ओपन करून दिले न काका. आता कुठूनही पाहा." पाचशे रुपये घेऊन गेला. कॅमेरे खरेच दिसू लागले.

मी दूरध्वनी खात्यात 33 वर्षे नोकरी केली, त्यातली बरीचशी एमडीएफवर. बाहेरची केबल एक्स्चेंजमध्ये येऊन जिथे जोडली जाते, ती लोखंडी चौकट. 'सगळे ओपन' हे ऐकून मला चैन पडेना. आमच्याकडे फॉल्ट आला की पहिला प्रश्न एकच असायचा, दोष आतला की बाहेरचा? एमडीएफवर लाइन तोडायची, एकदा एक्स्चेंजच्या बाजूने तपासायची, एकदा केबलच्या बाजूने. आणि एका वेळी एकच जोड बदलायचा. दोन जोड एकदम बदलणाऱ्या नव्या पोराला आमचे सुपरवायझर दिवसभर सोडायचे नाहीत. इथे तर तीन गोष्टी एका झटक्यात बदलल्या होत्या, आणि नेमके कशाने चालू झाले ते त्या मुलालाही सांगता येईना.

एका संध्याकाळी मी मोबाइलचे वायफाय बंद केले आणि कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली जाऊन उभा राहिलो. बाहेरच्या कोणाला आपले कॅमेरे उघडता येतात का, ही तपासणी घरच्या वायफायवरून करण्यात अर्थ नसतो. ब्राउझरमध्ये आमचा तो विकतचा आयपी पत्ता टाकला, तर डीव्हीआरचे लॉगिनचे पान समोर. नाव ॲडमिन, पासवर्ड 123456. पाठोपाठ आमची गच्ची दिसली. आमची ही खाटेवरच्या वाळलेल्या मुगवड्या सुपात भरत होती, मधेच थांबून एक वडी तोंडात टाकली. तिला वाटत होते गच्चीवर आपण एकट्याच आहोत.

घरी येऊन डीव्हीआरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला. फसलेल्या लॉगिनच्या ओळींमागून ओळी. रात्रीचे 2 वाजून 41 मिनिटे 7 सेकंद, मग 11 सेकंद, मग 16 सेकंद. एवढ्या झपाट्याने माणूस बोटे चालवत नाही. इंटरनेटवरचे पत्ते ओळीने ठोठावत फिरणारे प्रोग्रॅम अहोरात्र चालू असतात, त्यांचे हे काम. पण त्या गर्दीत दोन ओळी 'लॉगिन यशस्वी' अशाही होत्या, आणि त्या वेळी आम्ही दोघे झोपलेलो होतो. हैदराबादच्या मुलाला विचारले, तोही नव्हता.

पोर्ट म्हणजे काय हे मला मुलाने फोनवर समजावले, आणि खरे तर ते आमच्याच धंद्यातले निघाले. एका आयपी पत्त्यामागे 65,535 पोर्ट, म्हणजे क्रमांक घातलेली दारे, असतात. कॅमेऱ्याचे पान बहुधा 80 वर, चित्र 554 वर, ॲपसाठी कंपनीगणिक 8000 किंवा 37777. राउटर बाहेरून आलेल्याला आत सोडत नाही. पोर्ट फॉरवर्ड करणे म्हणजे त्यातला एखादा मुद्दाम आतल्या यंत्राला जोडून देणे. आमच्याकडे तर डीएमझी नावाची कळ चालू केलेली होती. म्हणजे बाहेरून जे येईल ते सगळे थेट डीव्हीआरवर.

मग मी जुन्या सवयीने एकेक जोड काढत गेलो. आधी पासवर्ड बदलला. (लगेच हैदराबादहून फोन, "बाबा, कॅमेरे पुन्हा बंद पडले का?") मग डीएमझी बंद. ॲप चालूच. खूश होऊन कडुलिंबाखाली गेलो, तर लॉगिनचे पान पुन्हा उघडले! यूपीएनपी नावाची एक सोय असते, तिच्यामुळे घरातले यंत्र राउटरला परस्पर सांगून पोर्ट उघडून घेते; आपल्याला कोणी विचारतही नाही. ती डीव्हीआरमध्येही बंद केली, राउटरमध्येही. तिसऱ्या फेरीत पान काही उघडले नाही, नुसते चाक फिरत राहिले. आणि त्याच मोबाइलवर, त्याच झाडाखाली, ॲपमध्ये मात्र चारही कॅमेरे दिसत होते.

मग मूळ बिघाड होता काय? जुन्या राउटरचा पत्ता 192.168.1.1 होता, नव्याचा 192.168.0.1. डीव्हीआरमध्ये पत्ता हाताने भरलेला असल्याने तो जुन्याच राउटरला हाका मारत बसला होता. त्या मुलाने पहिल्या दिवशी तो बदलला तिथेच काम संपले होते. ॲपसाठी डीव्हीआर स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरला जोडला जातो. आमच्या भाषेत हा आउटगोइंग कॉल, त्याला बाहेरून आत येणारी एकही वाट लागत नाही. त्या सर्व्हरवर विश्वास ठेवावा लागतो हे खरे. ज्याला तो ठेवायचा नाही त्याने राउटरवर व्हीपीएन (बाहेरून घरापर्यंतची बंदिस्त खासगी वाट) बसवावे, त्यात किल्लीवाल्यालाच आत घेणारा एकच पोर्ट उघडा राहतो. स्टॅटिक आयपी मी पुढच्या महिन्यात सोडला. आता राउटरवर 100 ने सुरू होणारा, अनेक ग्राहकांत वाटलेला पत्ता दिसतो. अशा कनेक्शनवर पोर्ट उघडले तरी बाहेरून कोणी पोचत नाही, म्हणून तर आधी स्टॅटिक आयपी घ्यायला लावतात.

"माझ्या घरात पाहण्यासारखे काय आहे?" असे आमचे शेजारी विचारतात. फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या महिलांच्या तपासणीची चित्रे बाहेर विकली गेली, ती अशाच कॅमेऱ्यांची. आणि पाहायचे नसले तरी यंत्र कामाला जुंपता येते. 21 ऑक्टोबर 2016 रोजी अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट तासन्‌तास अडखळल्या. तो हल्ला मिराई नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातल्याच पासवर्डवर चालणारे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन केला होता.

केंद्र सरकारने एप्रिल 2025 पासून नव्या कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची केली, हे चांगलेच. पण चाचणी कॅमेऱ्याची होते, लावणाऱ्याच्या हाताची नाही. माझी शहरातल्या कॅमेरे लावणाऱ्यांना विनंती आहे की बिलाच्या मागे चार ओळी लिहून द्याव्यात. डीव्हीआरचा घरातला पत्ता, राउटरमध्ये काय बदलले, कोणता पोर्ट उघडला, कशासाठी. पासवर्ड मात्र घरमालकाला स्वतःच्या हाताने टाकू द्यावा. "काका, नंबर बदलून देतो, 80 चा 8080 करतो, मग कोणाले सापडत नाही," असे मला त्या मुलाने सुचवले होते. दार पुढचे काढून मागे बसवल्यासारखे आहे ते. ठोठावणारे सगळीच दारे ठोठावतात. सोसायट्यांच्या सचिवांनीही एकदा वायफाय बंद करून बाहेरून आपला पत्ता उघडून पाहावा, पाच मिनिटांचे काम आहे. लॉगमध्ये अनोळखी कोणी आत येऊन गेलेले दिसले, तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. आणि डीव्हीआर पुसण्याआधी त्या ओळींचा फोटो काढून ठेवावा. मी काढला नाही, आता हळहळतो.

त्या मुलाला मी हे सगळे सांगितले. त्याने मुकाट्याने ऐकून घेतले आणि मग डोके खाजवत म्हणाला, "काका, आपल्या लाइनीत सगळ्यांना तोच पासवर्ड टाकला आहे न." आमच्या ओळीत त्याने अकरा घरांना कॅमेरे लावले आहेत. मी घरोघर जाऊन सांगून आलो. सहा जणांनी त्याच आठवड्यात पासवर्ड बदलला. बाकीचे पाच जण तो मुलगा कधी मोकळा होतो याची वाट पाहत आहेत.

आपला,
एक निवृत्त दूरध्वनी कर्मचारी,
त्रिमूर्तीनगर, नागपूर