उथळ होडी घ्या, पण परतीचा वारा बघून

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कोकणातल्या शिडाच्या होड्यांवरचा लेख वाचला. खाड्यांची तोंडं गाळाने भरत चालली आहेत, तेव्हा हौशी माणसाने उथळ कीलचीच (कील म्हणजे तळाखाली पाण्यात उतरणारं पातं) होडी घ्यावी, हा त्यातला सल्ला मला मान्य आहे. पण आंग्र्यांच्या गलबतांचा दाखला देताना लेखकाने वल्ही विसरली. गलबत उथळ, म्हणून ते खाडीत शिरायचं आणि इंग्रजांची खोल बुडाची जहाजं बाहेर राहायची, हे खरं. पण वारा पडला किंवा उलटा झाला की त्याच गलबतावर चाळीस-पन्नास वल्ही चालायची. आजच्या होडीवर ती नाहीत, आणि सगळी मेख तिथेच आहे.

मर्चंट नेव्हीत इंजिनरूममध्ये ३१ वर्षं काढून मी अंजर्ल्याला परतलो आणि जुनी २३ फुटी, दोन कीलची होडी घेतली. ही जात ब्रिटनमध्ये फार. तिथल्या कित्येक बंदरांत ओहोटीला तळ उघडा पडतो आणि अशी होडी दोन पायांवर चिखलात सरळ उभी राहते. आमच्या जोग नदीच्या मुखाशी वाळू साचते. माझी होडी अडीच फूट पाण्यात बसते, ती भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या, भरतीलाही आत येते. साडेचार फूट पाणी लागणारी खोल कील असती तर उधाणाच्या मोठ्या भरतीची वाट बघत बाहेर नांगर टाकून बसावं लागलं असतं. हे सगळं विकणाऱ्याने सांगितलं होतं. समोरच्या वाऱ्यात ती कशी चालते, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ते कळलं फेब्रुवारीत, दाभोळहून परतताना. दुपारी वायव्येचा वारा उठला, अगदी तोंडावर. शिडाची होडी सरळ वाऱ्यात जात नाही, म्हणून शीड घट्ट ओढून आडवे, नागमोडी फेरे घेऊ लागलो. दोन तासांनीही हर्णैचा दीपस्तंभ होता तिथेच. मग मागे वळून पाहिलं. होडीमागे उमटणारा पाण्याचा पट्टा वरामणाच्या (होडीच्या मागच्या टोकाच्या) सरळ मागे असायला हवा, तो वाऱ्याच्या बाजूला तिरका पडत होता. नाळ, म्हणजे पुढचं टोक, एकीकडे आणि होडी कुशीवर सरकत दुसरीकडे, असा प्रकार चालला होता.

कील म्हणजे पाण्यातला पंख. खोल आणि अरुंद असली तर ती होडीला बाजूला सरकू देत नाही आणि पाण्याचा विरोधही कमी असतो. तोच पंख आखूड केला की एका बाजूचं दाबाचं पाणी टोकाखालून दुसरीकडे निसटतं. शिवाय वजन वर येतं, होडी लवकर कलते, शीड लवकर कमी करावं लागतं. खोल कीलची होडी वाऱ्यापासून ४५ अंशांवर चालते असं धरा, तर माझी, सरकणं जमेस धरून, ५५ वर. आकडा किरकोळ वाटेल. पण दाभोळ ते हर्णै सुमारे १५ सागरी मैलांचे, वारा नेमका समोर असेल तर, पहिलीला २१ होतात, दुसरीला २६. वेग दोघींचा ४ नॉट (तासाला ४ सागरी मैल) धरला तरी सव्वा तासाचा फरक पडतो, आणि उथळ होडीचा तेवढाही वेग राहत नाही.

म्हणून माझं मत असं: खाडीतच फिरायचं असेल तर दोन कील उत्तम. हर्णै-दाभोळ-जयगड करायचं असेल तर वरखाली होणारी कील किंवा मधलं पातं असलेली होडी शोधावी. खाडीच्या तोंडाशी पातं वर, बाहेर पडलं की खाली. तिची निगा मात्र जास्त. पात्याच्या खाचेत वाळू आणि शिंपले अडकतात, दोर कुजतो, दर हंगामाला होडी वर काढून ती खाच साफ करावीच लागते. आणि पैसे देण्याआधी एक दुपार समोरच्या वाऱ्यात ती स्वतः चालवून बघा, मागच्या पट्ट्यावर नजर ठेवून.

मी होडी बदललेली नाही, निघायची वेळ बदलली आहे. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो. दाभोळहून चारला निघालं की तो उजव्या कुशीवर लागतो, एकही फेरा घ्यावा लागत नाही, आणि वारा पडायच्या आत दीपस्तंभ मागे गेलेला असतो.

आपला,
एक निवृत्त सागरी अभियंता, अंजर्ले (ता. दापोली)